बेडशाचे पाषाणारण्य

पुण्याहून निघालेली लोकल कामशेतला क्षणभर विसावते तेव्हा कार्ले-भाजे पाहावयास निघालेली मंडळी पुढच्या मळवली स्थानकाकरिता आपापल्या जागी बसून राहतात, आणि उतरतात ती बहुतांशी बाजारहाट उरकून, अगर तालुक्याच्या कचेरीतील आपले काम मार्गी लावून गावाकडे परतणारी माणसे. बेडशाची लेणी ही त्या दोन विख्यात लेण्यांची सख्खी भावंडे; तरीही त्यांच्या वाट्याला हा जो एकांत आला आहे, तो मला नेहमीच त्यांचे भाग्य वाटत आला आहे. ज्या वस्तूचे मोठेपण नुसत्या निश्चल उभे राहण्यात असते, तिच्याभोवती गलबला माजला म्हणजे ते मोठेपण डोळ्यांसमोर असूनही दिसेनासे होते. मार्गशीर्षातील एका दुपारी पाठीवर राहुटी, पांघरूण आणि दोन वेळच्या शिधोरीचे ओझे घेऊन मी कामशेतला उतरलो आणि करुंजच्या बाजूने बेडशाकडे जाणाऱ्या वाटेला लागलो. सोबत कोणी नव्हते; मी हेतुपुरस्सरच कोणाला घेतले नव्हते.

हा सारा मुलूख पवन मावळाचा. पवना आणि इंद्रायणी यांच्या खोऱ्यांना विभागणारी डोंगररांग लोहगड आणि विसापूर या जुळ्या दुर्गांना खांद्यावर घेऊन पूर्वेकडे उतरत येते, आणि तिच्या एका सोंडेच्या अंगावर, गावापासून चारशेच्या आसपास पायऱ्या चढून गेले म्हणजे, बेडशाची लेणी लागतात. देशमुखांची वतने, पाटील-कुलकर्ण्यांची दप्तरे, किल्ल्यांचे सबनीस आणि कारखानीस यांच्या कारभाराखाली ज्या भूमीने शतके काढली, ती भूमी त्या दुपारी भाताची कापणी उरकून निवांत पहुडली होती. खाचरांत कापलेल्या धाटांचे खुंट राहिले होते, बांधाबांधांवर पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या होत्या, आणि इंद्रायणी तांदळाचा तो विशिष्ट सुगंध, जो शिजल्यावर घरभर पसरतो असे आपण शहरात म्हणतो, तो इथे न शिजताच खळ्यावरच्या हवेत भरून राहिला होता.

मी तिथे का गेलो होतो, हे सांगावयाचे तर मला मावळ सोडून फार दूर जावे लागेल. माझी धाकटी बहीण संसारानिमित्त कॅलिफोर्नियात स्थायिक झालेली आहे. तिच्याकडे गेलो असता सॅन होजेहून उत्तरेला हम्बोल्टच्या अरण्यात, रेडवूड नावाच्या महावृक्षांच्या सान्निध्यात एकट्याने तंबू ठोकून राहण्याचा योग मला आला होता. त्या वृक्षांविषयी आपण वाचलेले असते. साडेतीनशे फुटांहून अधिक उंची, हजार-दोन हजार वर्षांचे आयुष्य, वणव्याला दाद न देणारी फूटभर जाडीची साल, हे सगळे ठाऊक असते. परंतु ठाऊक असणे निराळे आणि त्या खोडांच्या पायथ्याशी संध्याकाळ उतरत असता उभे राहणे निराळे. प्रथम दर्शनी ती झाडे मोठी वाटतच नाहीत, कारण सभोवतीची सगळीच तशी असतात आणि मोजमापाला लहान असे काही उरत नाही. मग तुम्ही चालू लागता. एका खोडाला वळसा घालण्यास किती पावले पडली हे ध्यानात येते. आणि तेवढ्या अवधीत डोळ्यांचे शहरात जडलेले प्रमाण हळूहळू गळून पडते. सोबतीला माणूस असला, की तो हे प्रमाण गळू देत नाही. तो बोलतो, छायाचित्राकरिता खोडाला टेकून उभा राहतो, आणि डोळा पुन्हा त्याच्याच मापाने झाड पाहू लागतो.

त्या अरण्यात डायरव्हिल जायंट या नावाने ओळखला जाणारा एक वृक्ष 1991 साली उन्मळून पडला, आणि तो पडला तिथेच आजही ठेवलेला आहे. त्याच्या उघड्या पडलेल्या मुळांच्या चक्रापासून मी चालावयास आरंभ केला. खोड माझ्या डोक्याहून उंच, त्यावर शेवाळाचा जाड गालिचा, नेच्यांचे झुबके, आणि कुठे कुठे त्याच्याच कुजत्या अंगावर रुजलेली लहान रोपे. असे ते खोड संपता संपेना. उभ्या झाडाची उंची डोळ्यांना आकळत नाही, परंतु आडव्या पडलेल्या झाडाची लांबी पायांना कळते, आणि मला त्या महावृक्षांचे खरे मोठेपण एका मृत वृक्षाने शिकविले. पॅसिफिक सागरावरून रोज येणारे धुके हे त्यांचे दुसरे जीवन. उन्हाळ्यात जेव्हा पाऊस नसतो तेव्हा पानांवर ते धुके थेंब होऊन साचते आणि खाली ठिबकून मुळांना पोसते. एवढ्या पुरातन अरण्याचा शंभरातील जेमतेम पाच हिस्सा आज उरलेला आहे. बाकीचा गेल्या पावणेदोनशे वर्षांत करवतीखाली गेला. जो राहिला, तो 1918 साली स्थापन झालेल्या ‘सेव्ह द रेडवूड्स लीग’सारख्या संस्थांनी वर्गणी जमवून, राया विकत घेऊन, एकेक करून वाचविला म्हणून राहिला.

तिथून परतल्यावर माझ्या मनात एकच विचार घर करून बसला. तिकडचे दोन हजार वर्षांचे झाड जेव्हा बोटाएवढे रोपटे होते, तेव्हा इकडे सह्याद्रीच्या कड्यांवर छिन्नी चालत होती. बेडशाची लेणी इसवी सनाच्या आरंभाच्या आगेमागे, बहुधा सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, कोरली गेली असे अभ्यासक मानतात. तेव्हा आपल्याकडे त्या वयाचे काय उभे आहे, असा प्रश्न मी स्वतःला विचारला, आणि त्याचे उत्तर शोधावयास मला हिमालयात जावे लागले नाही.

लेण्यांत रात्री राहता येत नाही; ती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत, आणि हा निर्बंध सर्वथैव योग्य आहे. चुलीच्या धुराने आणि कोळशाच्या अक्षरांनी आपल्या किती लेण्यांचे मुखडे विद्रूप झाले आहेत, हे ज्याने पाहिले आहे तो या नियमाविरुद्ध एक शब्दही काढणार नाही. म्हणून पायथ्याच्या एका वृद्ध शेतकऱ्याकडे मी राहुटी ठोकण्याची परवानगी मागितली. ते खळ्याच्या कडेला बसून दावे वळीत होते.

“एकलेच व्हय?” त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळून विचारले.

“होय बाबा, एकटाच.”

“मंग घरात पडा की पडवीला. थंडी लय हाय.”

मी बाहेरच झोपू इच्छितो हे पटावयास त्यांना वेळ लागला; पण एकदा पटल्यावर त्यांनी स्वतः उठून खाचराच्या वरच्या अंगाची कोरडी जागा दाखविली, अंथरावयास पेंढ्याच्या चार पेंढ्या दिल्या, आणि बांधावरच्या एका प्रचंड बेहड्याकडे बोट करून त्याच्या सावलीबाहेर राहा, एवढी एक अट घातली. त्या अटीचे कारण त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही, कारण ते आपल्या सर्वांनाच परंपरेने ठाऊक आहे. नलोपाख्यानात ऋतुपर्ण राजा धावत्या रथातून ज्या झाडाची पाने आणि फळे मोजून दाखवितो ते बेहड्याचेच. आणि नलाच्या देहातून बाहेर पडलेला कली ज्यात शिरतो तेही तेच. तेव्हापासून या उमद्या, सरळ, विशाल वृक्षाच्या माथी जो कलंक बसला तो कायमचा. मला मात्र वाटते, की या कलंकानेच तो कित्येक ठिकाणी वाचला आहे. ज्याला हात लावावयास मनुष्य बिचकतो, ते झाड म्हातारे होऊ शकते.

रात्रीविषयी फार लिहीत नाही. एकट्याने उघड्यावर काढलेल्या रात्रीत प्रहरभर भीती असते, त्यानंतर कान उघडतात, आणि मग झोप लागते. हम्बोल्टच्या अरण्यातही क्रम हाच होता. तिकडे राखणीला शांतता होती, धुक्याच्या थेंबांची टपटप होती. इकडे टिटवीचा तो चिरका, सारखा चौकशी करणारा आवाज, डोंगराच्या कुशीतून दोनदा उमटलेला घुबडाचा हुंकार, आणि उत्तररात्री कामशेतच्या बाजूने लोहमार्गावर घुमणारा मालगाडीचा दीर्घ नाद होता. तो नाद ऐकताना मनात आले, की 1858 साली खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत आगगाडी धावू लागली आणि 1863 साली बोरघाटाचा चढ पुरा झाला, तेव्हा रुळांखाली घालावयाचे सिलपाट आणि जळण या दोन्हींसाठी सह्याद्रीच्या रानांवर जी कुऱ्हाड चालली, तिच्यापूर्वीचे हे डोंगर कसे असतील? आज वैशाखात ते उघडे, तांबूस, खडकाळ दिसतात. कारवीचे रान आणि करवंदीच्या जाळ्या यांच्या आधाराने कशीबशी माती धरून ठेवतात. परंतु पंचवीस-तीस फूट लांबीच्या सागवानी तुळयांच्या सोयीने ज्यांनी आपली सगळी वास्तुकला घडविली, त्या लोकांभोवती उघडे डोंगर असणे शक्य नाही. त्यांच्या घरांच्या, सभांच्या, विहारांच्या मागे घनदाट अरण्य उभे असलेच पाहिजे.

उजाडता उजाडता पायऱ्या चढून वर गेलो. रखवालदारास आदल्या संध्याकाळी विचारून ठेवले होते. खाली पवनेच्या खोऱ्यात धुके असे भरले होते की गावे, शेते, सडका सगळे लुप्त होऊन नुसती टेकड्यांची माथी वर राहिली होती, आणि दवाने गवत इतके भिजले होते की गुडघ्यापर्यंत वस्त्र ओले झाले. चैत्यगृहासमोर आलो तरी चैत्यगृह दिसत नाही, हे बेडशाचे वैशिष्ट्य. शिल्पकारांनी पुढचा खडक सगळा काढून न टाकता दोन्ही अंगांना त्याचे उंच ठोकळे तसेच उभे ठेवले आहेत, आणि त्यांच्या मधून चाळीसएक फूट लांबीची अरुंद बोळ आत नेते. हे ठोकळे काढावयाचे राहून गेले, की ते तसेच ठेवावेत असा मूळचाच संकल्प होता, याविषयी जाणत्यांनी काय म्हणावयाचे ते म्हणावे. पण त्यांच्यामुळे मनुष्य समोरून, मोकळ्या मैदानातून, सगळे एका दृष्टिक्षेपात कवेत घेत येत नाही. त्याला बोळीतून यावे लागते, आणि मग अकस्मात ते चार स्तंभ डोक्यावर येतात.

पंचवीस फुटांच्या आसपास उंच असे हे स्तंभ. दोन सुटे, आणि दोन भिंतीला चिकटलेले. खाली पूर्णकुंभ, त्या कुंभातून वर निघालेले अठपैलू खोड, वर उमलत्या कमळाप्रमाणे खाली झुकलेली घंटाकृती, तीवर पायऱ्यापायऱ्यांनी रुंदावत जाणारी फळी, आणि त्या फळीवर घोडे, बैल, हत्ती, आणि त्यांच्या पाठीवर बसलेली स्त्रीपुरुषांची युगुले. सूर्य वर आला तेव्हा पुढच्या ठोकळ्यांमुळे खालचा भाग छायेतच राहिला आणि पहिले ऊन थेट त्या माथ्यावरच्या आकृतींवर पडले. खाली मी गारठ्यात उभा, अंधुक उजेडात. आणि वर, अरण्यात शेंड्यांना जसा आधी सूर्य भेटतो तसा, एका बैलाच्या वशिंडाला आणि त्यावर आरूढ झालेल्या स्त्रीच्या बाहूला तांबूस प्रकाश लागलेला. बैलाची नाकपुडी फुगलेली आहे. घोड्याच्या मानेवरचे स्नायू ताणलेले आहेत. आणि त्या स्त्रीचा एक हात इतक्या सहजतेने मांडीवर विसावला आहे की दोन सहस्रके लोटली तरी तो तिला उचलावासा वाटलेला नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहाची भव्यता मोठी, त्याची लांबी सव्वाशे फुटांच्या घरात जाणारी, आणि तिथले स्तंभ संख्येनेही पुष्कळ. परंतु स्तंभाच्या पायथ्याशी एकट्याने उभे राहून मान मागे टाकावी आणि मनुष्य म्हणून आपले परिमाण काय हे निमूटपणे उमजावे, तर ते बेडशालाच.

कुंभावर मी तळहात ठेवला. दगड रात्रभरची थंडी शोषून बसला होता, आणि बोटांखाली छिन्नीच्या बारीक, समांतर रेघा लागत होत्या. घासून गुळगुळीत झालेल्या दर्शनी भागावर नव्हे, तर कुंभाच्या मागच्या वळणावर, जिथे डोळा जात नाही तिथे. सह्याद्रीचा हा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हारस. त्यात वाळूच्या दगडाची मृदुता नाही. त्यात कमळाच्या पाकळीची कड आणावयाची तर किती हातांनी किती पावसाळे येथे काढले असतील! आणि काढले ते कुणाच्या खर्चाने, याचीही थोडीबहुत नोंद इथेच आहे. नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक याने दान दिल्याचा लेख इथे आहे. पाण्याच्या टाक्यावरच्या लेखात एका महाभोजाची कन्या, महारठिणी सामडिनिका, हिचे नाव आहे. नाशिकहून इथपर्यंत डोंगर तुडवीत आलेला तो व्यापारी, आणि वाटसरूला पाणी मिळावे म्हणून खडक फोडविणारी ती राजकुलातील स्त्री, या दोघांनाही माझा मनःपूर्वक नमस्कार आहे.

पण ज्या लेखापाशी मी सर्वांत अधिक काळ थांबलो, तो त्या दोन्हींहून लहान, झिजलेला आणि आडबाजूचा आहे. चैत्याजवळच एक छोटासा दगडी स्तूप कोरलेला आहे. तो गोभूती नावाच्या एका भिक्षूचा. हा गोभूती अरण्यात राहणारा, भिक्षेवर निर्वाह करणारा, मारकूड येथील निवासी, एवढेच त्याचे चरित्र लेखात दिले आहे. आणि स्तूप उभारला तो त्याच्या शिष्याने, आसाळमित्राने. ना राजाचा उल्लेख, ना संघाच्या पदवीचा. गुरूने केले काय, तर अरण्यवास केला; आणि शिष्याला जे दगडात लिहून ठेवावेसे वाटले तेही तेवढेच. मारकूड कोणते, हेच आसपासचे डोंगर काय, कोण जाणे. परंतु बेहड्याच्या आणि ऐनाच्या रानात, बिबट्याच्या आणि पावसाच्या सहवासात एकट्याने वर्षे काढलेला तो वृद्ध मनुष्य माझ्या डोळ्यांसमोर इतका स्पष्ट उभा राहिला, की अरण्यातल्या एकांताची ओढ ही पाश्चात्त्य देशांतून आपल्याकडे आलेली हौस आहे असे म्हणणाऱ्यांना मी यापुढे त्या स्तूपापाशीच आणून उभे करीन.

चैत्यगृहाच्या आत गेलो. बाहेरच्या ऐश्वर्यानंतर आत अलंकाराचा मागमूस नाही. साधे, अठपैलू, रांगेने उभे खांब, आणि टोकाला अर्धवर्तुळात स्तूप. वर गजपृष्ठाकार छत. त्या छताला पूर्वी लाकडी कमानी होत्या. दगडाचे छत स्वतःच्याच बळावर उभे असते. त्याला लाकडाच्या फासळ्यांची गरज तिळमात्र नाही. तरी आपल्या शिल्पकारांनी त्या बसविल्या, कारण त्यांच्या दृष्टीने लाकडाच्या फासळ्यांवाचून सभागृह हे सभागृहच नव्हते. भाज्याला तर त्यांनी खांबदेखील आतल्या अंगाला कलते ठेवले आहेत, जसे लाकडी इमारतीत छताचा रेटा सोसावा म्हणून ठेवावे लागत. कार्ल्याला आणि भाज्याला त्या सागवानी फासळ्या आजही छताला शाबूत आहेत. ज्या झाडांच्या त्या, ती झाडे रेडवूडच्या त्या वृद्धांच्याही आधी रुजली असतील. बेडशाच्या फासळ्या मात्र नाहीशा झाल्या. येथे भिंतींवर आणि खांबांवर चित्रेही होती म्हणतात. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या अंमलदारांच्या भेटीप्रीत्यर्थ स्थानिक कारभाऱ्यांनी लेण्यांना जी रंगसफेदी करविली, तिच्याखाली उरलासुरला गिलावा गेला. वरिष्ठांच्या स्वागताची ही घाई आपल्या देशात किती मोलाच्या वस्तू पुसून टाकते! तो हुकूम कुणी काढला याचा आता तपास करून उपयोग नाही. पण त्या धुतलेल्या भिंतींपुढे उभे राहिल्यावर मन खिन्न झाल्यावाचून राहत नाही.

आणि तरीही एक लाकूड उरले आहे. स्तूपाच्या हर्मिकेवर, त्या जड दगडी माथ्यात रोवलेला, छत्राचा लाकडी दांडा अद्याप उभा आहे. छत्र गेले, दांडा राहिला, थोडासा कललेला, धुळीने करडा झालेला. मी कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत बसलो. कमानदार दारातून येणारा प्रकाश हळूहळू आत सरकत होता आणि त्या उजेडात लाकडाच्या उभ्या रेषा, शिरा, चिरा दिसू लागल्या. सभोवती सारे अरण्य दगड झालेले: खांबांची खोडे दगडाची, तुळया दगडाच्या, सज्जांचे कठडे आणि जाळ्यांच्या गवाक्षांच्या नक्षीदेखील लाकडाच्या मापाने कापलेल्या दगडाच्या; आणि त्या सर्व अनुकरणाच्या मधोमध, ज्याचे अनुकरण चालले आहे त्या मूळ वस्तूचा हा एकच उरलेला अंश. हम्बोल्टच्या रानात माणसांनी झाडे वाचविली ती कुंपण घालून, कायदा करून. इथल्या माणसांनी झाडांचे रूपच अविनाशी द्रव्यात उतरवून ठेवले. दोन्ही रीती मला पूज्य वाटतात. पण दगडात उतरविलेले अरण्य सावली देते, पाऊस बोलावीत नाही, हेही खरे आहे, आणि जे अरण्य पाहून त्यांनी ते कोरले ते राखण्याचा वसा त्यांच्यामागून येणाऱ्या आपण घ्यावयाचा होता.

तो वसा आपण कधी घेतलाच नाही असे मात्र नव्हे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात झाडांविषयी जे निर्देश आहेत ते मराठी राज्यनीतीचे भूषण म्हणावे लागतील. आरमाराकरिता लागणारे सागासारखे लाकूड हुजूरच्या परवान्याने तोडावे. परंतु आंबा, फणस ही झाडे कामाची असली तरी त्यांस हात लावू नये, कारण रयतेने ती लेकरांप्रमाणे दीर्घकाळ वाढविलेली असतात आणि जोरजबरदस्तीने ती तोडली तर त्यांच्या दुःखास पारावार राहत नाही, असा त्याचा आशय आहे. एखादे झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झालेच असेल, तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन मग ते न्यावे. आणि राजसत्तेच्या हुकमाहूनही बळकट अशी देवाची सत्ता देवरायांवर चालत आली. 1970 नंतरच्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला तेव्हा श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावच्या लोकांनी आपली काळकाईची राई तोडीकरिता खुणावली गेली असता वर्तकांकडे धाव घेतली होती, ही हकीकत गाडगीळांनी अनेकवार सांगितली आहे. बेडशालाही, चैत्याच्या शेजारच्या विहारात, यमाई बसलेली आहे. तो विहारही एकमेवाद्वितीय म्हणावा असा. इतरत्र विहार चौकोनी, हा मात्र चैत्यासारखा मागे गोलावलेला आणि वर कमानदार छताचा. जिथे एकेकाळी भिक्षू निजत, तिथे शेंदूर माखलेल्या आईपुढे गावकऱ्यांनी वाहिलेली फुले होती, आणि भक्ताला इथे कुणी परके मानलेले नव्हते.

लेण्यांच्या वरून डोंगरधारेवर चढणारी पायवाट गवतात हरवत जाते. ती धरून मी पश्चिमेकडे चालत राहिलो, ऊन चढेपर्यंत. एका बाजूला पवनेचे खोरे, पलीकडे तिकोना आणि तुंग. समोर दूरवर विसापूरचा लांबलचक तट. उघड्या माथ्यावर वारा. पण जिथे जिथे डोंगराला घळ पडलेली होती, तिथे तिथे उतारावर रान अजून दाट होते. एका घळीत उतरलो. आत जांभूळ, हिरडा, अंजन. उंबराचे एक पांढुरके खोड, ज्यावर मुळापासून शेंड्यापर्यंत फळांचे घोस. आणि खाली पाचोळ्याचा इतका थर की पाऊल घोट्यापर्यंत रुतावे. बाहेर ऊन कडक होते आणि आत रात्रीचे दव अजून पानांवरून गळत होते. त्या गळण्याच्या आवाजाशी माझी ओळख होती. आपल्या झाडांची उंची रेडवूडच्या पंचमांशही नसेल. पण मी पाचोळ्यावर बसलो, पाठीचे ओझे उतरविले, भाकरी आणि ठेचा खाल्ला, आणि त्या घळीत मला उंचीची वाण भासली नाही. एका शेकऱ्याने माझी दखल घेतली आणि फांदीवरून खडसावून विचारणा केली. थोड्या वेळाने त्याचाही राग निवळला. अशा जागी मनुष्य काहीही विशेष विचार करीत नाही. मोठे विचार सुचतात ते परतीच्या वाटेवर. झाडाखाली असताना केवळ असणे पुरेसे होते.

उतरून आलो तेव्हा बाबा गुरांना पाणी दाखवून परतत होते. राहुटी सोडताना मी त्यांना बेहड्याविषयी विचारले. वखारवाले दोनदा येऊन गेले होते. दुसऱ्या खेपेला रक्कमही मोठी बोलले होते.

“मंग दिलं का न्हाई?”, हा माझ्या ओठांवरचा प्रश्न त्यांनीच विचारून टाकला आणि त्यांनीच उत्तर दिले. “आज्यानं राखलं, बानं राखलं. माझ्याच हातानं कशाला पडू द्यायचं? झाडाला काय खायाला मागतंय व्हय त्ये?”

मी म्हणालो, “बाबा, घेर किती असेल हो याचा?”

त्यांनी मान वर करून झाडाकडे पाहिले, जणू एवढ्या वर्षांत हे विचारावयाचे राहूनच गेले होते. आणि खांद्यावरचा कासरा काढून एक टोक माझ्या हाती दिले. मी वृक्षशास्त्राच्या रिवाजाप्रमाणे दोरी छातीच्या उंचीवर धरली. ते त्यांना मुळीच मान्य झाले नाही. झाड जिथे भुईत शिरते तिथूनच ते मोजले पाहिजे, वरचे माप म्हणजे माणसाचा घेर गळ्याशी धरण्यासारखे, असे त्यांचे म्हणणे पडले. आणि त्यांनी कासरा खाली ओढून, फुगलेल्या मुळांच्या पसाऱ्यावरून, खाचांतून, उंचवट्यांवरून नीट दाबीत नेला. निम्म्याच्या थोडा पुढे तो संपला. तेव्हा त्यांनी दोरी मला तशीच धरून ठेवावयास सांगितली आणि नातवाला गोठ्यातून दुसरा कासरा आणावयास पिटाळले.